माहेरची मोंगरी

नागपूरहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत पत्रकांचा गठ्ठा होता आणि समोर बसलेल्या वसुधाताईंच्या पिशवीत त्या गठ्ठ्याला खोटं पाडणारा एक फोटो.

पत्रक माझं. मथळा ठसठशीत: ‘तलाव आमचा, मांगूर देशी!’ खाली ठेकेदार, मत्स्यखातं आणि भोपाळचं सरकार यांचा एकत्र समाचार, आणि शेवटी ठळक अक्षरांत : या तलावातला एकूण एक मासा देशी आहे. वसुधाताई आमच्या विज्ञान मंडळातल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. गाडीनं कामठी सोडल्यावर त्यांनी ते पत्रक वाचलं, घडी घातली आणि चष्म्यावरून पाहत विचारलं, “एकूण एक?”

मी म्हटलं, “पत्रकात ‘बहुतेक’ लिहीत नसतात, ताई.”

त्यांनी पिशवीतून फोटो काढला. काळ्या पाटीवर पांढऱ्या पट्ट्या, जणू कुणी खडूनं आडव्या रेघा मारल्यात. माझा तोरा तिथंच अर्धा उतरला आणि त्याच्या जागी धास्ती भरली, कारण त्या रेघा म्हणजे काय हे मला कळायला लागलं होतं.

आधी भांडण सांगते. भिलाईजवळ हथखोजच्या कारखान्यांच्या भिंतींमध्ये एक जुना तलाव अडकून राहिलाय. तिथल्या केवट (मासेमारी करणाऱ्या) बायांनी गट करून तो सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेतला. त्यात रोहू, कतला आणि मुख्य म्हणजे मांगूर. मिशांचा, काळा, चिखलातला, बाळंतिणीला आणि आजाऱ्याला आवर्जून देतात तो. छत्तीसगडीत त्याला मोंगरी म्हणतात. चार वर्षं सगळं सुरळीत चाललं आणि एका ठेकेदाराची तक्रार गेली, की या बायांनी तलावात विदेशी मांगूर सोडलाय. विदेशी मांगूर खादाड. तळ्यात शिरला की दुसऱ्या माशांची पिल्लंसुद्धा शिल्लक ठेवत नाही. भोपाळहून कागद हलला: तलावात मोहाची खळी (मोहाच्या बियांची पेंड, तिनं मासे मरतात) टाका, सगळं मारा आणि तलावाचा नव्यानं लिलाव करा. लिलावात कोण बोली लावणार, हे सांगायला मला प्रयोगशाळा लागत नव्हती.

पण मासा देशी की विदेशी हे सांगायला लागत होती. मोठा झाला की डोक्यावरून ओळखता येतो. लहानपणी दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून उन्हाळ्यात वसुधाताई आणि मी येऊन गेलो. जाळं बायांनीच टाकलं. आले ते मासे घेतले, प्रत्येकाच्या परावर निरनिराळी खूण कापली आणि तो कापलेला तुकडा स्पिरिटच्या बाटलीत टाकला. मासे वस्तीतल्या सिमेंटच्या टाक्यात वेगळे ठेवले. बाटल्या नागपूरला आल्या.

आता ती रेघांची गोष्ट. आपल्या आणि माशांच्या पेशींत तंतुकणिका असतात, पेशीला शक्ती पुरवणाऱ्या. त्यांच्याजवळ स्वतःचा एक छोटासा गोल धागा असतो, आनुवंशिक गुणांचा. गंमत अशी, की हा धागा फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काडीचा वाटा नाही. आईकडून लेकीला, लेकीकडून तिच्या लेकीला, जवळजवळ जसाच्या तसा. प्रयोगशाळेत तो धागा ठरावीक जागी कापतात, तुकडे विजेच्या प्रवाहात पळवतात आणि कुठला तुकडा कुठवर पोचला ते पाहतात. त्याच त्या रेघा. ज्यांच्या रेघा जुळल्या ते एकाच आईच्या वंशातले.

“हे बघ,” ताई म्हणाल्या. “हे दोन विदेशी मादीच्या वंशातले आहेत. बाकी सगळे देशी. पण देशी म्हणजे कसे? पाच तऱ्हेचे. पाच वेगवेगळ्या आयांचे वंश, आणि तेही एका तलावात. बाकीच्या तलावांतले मी पाहिले, तिथं एकाच तऱ्हेचे. आणि हा तलाव तर चारी बाजूंनी भिंतीत कोंडलेला. पूर येत नाही, नाला मिळत नाही. मग पाच आया आल्या कुठून?”

मला दोन विदेशींची धास्ती होती, त्यांना पाच देशींचं वेड लागलं होतं. आमगाव येईपर्यंत ते वेड मलाही लागलं. आम्ही खिडकीच्या काचेवर बोटांनी नद्या काढल्या : शिवनाथ, खारून, महानदी. समोरचे एक आजोबा आम्हाला शाळेच्या सहलीच्या मास्तरणी समजले.

डोंगरगड गेलं. पुढच्या एका छोट्या थांब्यावर पावसात भिजत एक म्हातारे फुटाणे विकत होते. मी पुडी घेतली. उगाच आपलं बोलायचं म्हणून विचारलं, इतकी गर्दी कसली. ते म्हणाले, तीजा (हरतालिकेचा सण, तेव्हा लेकी माहेरी येतात) संपला, लेकी सासरी निघाल्या. त्यांचीही कालच्याच गाडीनं गेली. “भेलाई डहर बिहाव होय हे” (भिलाईकडं लग्न झालंय), हे त्यांनी अशा थाटात सांगितलं, जणू भिलाई म्हणजे विलायत. गाडी हलली तरी ते लेकीचंच सांगत होते.

भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनला उतरलो. माझी मावशी तिथल्या कॅम्प-१ वस्तीत राहते. मावसाजी पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला आहेत, मूळचे भंडाऱ्याकडचे. बाजाराच्या चिखलातून, भाज्यांच्या पाट्या आणि सायकलींच्या हँडलांतून वाट काढत घरी पोचलो तर दारात मावशी.

“कावून वं शोभे, इतक्या पावसात? गौरीसाठी तं नसशीन आली तू.”

मी म्हटलं, मासोळीसाठी आले.

“अवं बाई, गणपती बसले हायेत घरी. मासोळीचं नाव नको काढू.”

नाव काढलं नाही. पण चहा पिऊन लगेच त्याच कामाला निघालो.

हथखोजला जायला टेम्पो मिळाला. त्यानं आम्हाला अर्ध्या वाटेत एका कारखान्याच्या भिंतीशी सोडलं, कारण पुढे रस्ता नव्हता, रस्त्याची आठवण होती. या भागात भिंती किती पक्क्या बांधतात! शंभर वर्षं टिकतील. आणि दोन भिंतींमधून माणसानं जायचं तिथं गुडघाभर काळं पाणी. यावर एक स्वतंत्र पत्रक होईल. ताई पुढे, मी मागे, चपला हातात.

भिंत संपली आणि तलाव दिसला. पचरीवर (दगडी पायऱ्यांवर) नवी लुगडी नेसलेल्या बाया रांगेनं उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात लोटा नाहीतर छोटा हंडा, तोंडाला ओलं फडकं. पहिलीनं फडकं सोडलं, वाकली आणि लोटा पाण्यात उपडा केला. काळं काही वळवळलं आणि गेलं. दुसरी पुढे आली.

वसुधाताईंनी हातातल्या चपला टाकल्या. मग ‘थांबा, थांबा’ म्हणत त्या ज्या उतारावरून पळाल्या, त्या पचरीवर पोचल्याच नाहीत. चिखलावरून घसरत थेट पाण्यात बसल्या.

गटाची प्रमुख सुकवारो बाई. पन्नाशीची, उंच, पान खाल्लेलं तोंड. तिनं हात देऊन ताईंना उठवलं. “देख के, बाई. मोंगरी घलो हाँसत हे.” (जपून, बाई. मोंगरीसुद्धा हसतेय.)

सगळ्या हसल्या. ताईंना हसायला वेळ नव्हता. चिखलानं माखलेल्या अवस्थेत त्यांनी विचारायला सुरुवात केली, हे काय, कुठून आणलं, दरवर्षी आणता का. बायांना आश्चर्य वाटलं, की हे काय विचारायचं? तीजाहून परत येताना लेक माहेरच्या तळ्यातली मोंगरी लोट्यात घालून आणते आणि सासरच्या तळ्यात सोडते. मांगूर हवेतही श्वास घेतो, ओल्या फडक्यात दिवसभर तग धरतो. या वस्तीत असंच चालत आलंय. शेजारच्या गावांत नाही. तिथल्या बाया यांना हसतात.

“कशासाठी?” मी विचारलं.

सुकवारोनं पान बाजूला थुंकलं. “जेन तरिया मा मइके के मोंगरी रहिथे, ओ तरिया बिरान नइ लागय.” (ज्या तळ्यात माहेरची मोंगरी असते, ते तळं परकं वाटत नाही.)

ताईंनी एकेकीला माहेर विचारलं. कुणाचं शिवनाथच्या काठी, कुणाचं खारूनच्या, एकीचं पार महानदीकडचं. गाडीच्या काचेवर आम्ही ज्या नद्या काढत होतो त्या समोर रांगेत उभ्या होत्या, लोटे घेऊन. आम्ही पाच आया शोधत होतो. त्या आया इथं या बायांबरोबर आल्या होत्या. लेकीमागून लेक, माहेराहून सासरी. माशांमध्ये हा धागा आईकडूनच येतो आणि इथं मासेही माहेरूनच येतात. ताई मात्र माझा दंड धरून पुटपुटत होत्या, “शक्यता आहे, शोभा. सिद्ध व्हायचंय. त्या गावांतले नमुने घ्यावे लागतील.” ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि म्हणे शक्यता.

रांगेच्या शेवटी सुकवारोची सून होती, रमौतिन. लग्नाला दोन वर्षं. तिचा हंडा सगळ्यांत मोठा आणि तिचाच मान शेवटी. तिनं फडकं सोडलं तशी ताईंनी सहज आत पाहिलं आणि हंड्याच्या तोंडावर हात ठेवला.

“हे नको सोडू, पोरी.”

आत दोन मांगूर होते, जाडजूड. ताईंनी एकाचं डोकं अंगठ्यानं चाचपलं. देशी मोंगरीचं डोकं आखूड, गुळगुळीत. याचं लांबट आणि वरून खरखरीत. मलाही कळलं. आता हे कसं सांगायचं म्हणून ताई शब्द शोधत होत्या, तेवढ्यात पोरगी स्वतःच बोलली. ददानं म्हणजे वडिलांनी डबरीत (शेतातल्या छोट्या तळ्यात) दोन वर्षांपूर्वी नवं बी टाकलं होतं. भोंगा लावून टेम्पो आला होता, लवकर वाढणारी मोंगरी म्हणून विकत होता. गेल्या तीजाला तिथलीच पिल्लं दिली, या तीजाला हे. “ददा छाँट-छाँट के बड़े-बड़े दे हे.” (वडिलांनी निवडून निवडून मोठे दिलेत.)

म्हणजे टाक्यातले ते दोन हिचे. गेल्या वर्षीच्या हंड्यातून आलेले. शत्रू भिंतीपलीकडे असेल याची मी तयारी केली होती. तो इथं नवं लुगडं नेसून, खाली मान घालून उभा होता, आणि तो शत्रू नव्हताच.

उद्या सकाळी खात्याचे साहेब येणार होते. तलावात विदेशी सापडला तर पट्टा जाणार, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. सुकवारोनं सुनेच्या हातातला हंडा काढून घेतला. “बड़े घर के बेटी” (मोठ्या घरची लेक), एवढंच टोमण्यानं म्हणाली आणि हंडा घेऊन चालू लागली. त्या चार शब्दांत काय नव्हतं! मागून एक बाई दुसरीला म्हणाली, की आता हिला पोचवून येतील माहेरी. रमौतिननं ते ऐकलं.

परतीच्या वाटेवर मी ताईंशी भांडले. पाच तऱ्हेच्या देशी आया सापडल्या, केवढी मोठी गोष्ट. उद्या तेवढीच सांगू. दोन रेघा फोटोतून कापल्या तर कुणाला कळणार आहे? ठेकेदार शंभर खोटं बोलतो, आपण एक खरं कमी बोलू.

ताई म्हणाल्या, “मग आपल्या रेघांत आणि त्याच्या तक्रारीत फरक काय राहिला?”

संध्याकाळी कारखान्याच्या बाजूचं आभाळ लाल झालं आणि मावसाजी पहिल्या शिफ्टची झोप काढून उठले. जेवायला दुबराज तांदळाचा भात, आंबट भाजी आणि शेजारच्या साहूंकडून आलेली ठेठरी-खुरमी (तीजाच्या वेळी करतात त्या बेसनाच्या आणि गुळाच्या तळलेल्या जिनसा). मावशीनं पुन्हा बजावलं, गणपतीपुढं मासोळी नाही. मग तिनंच विचारलं, “पन तू करून काय राहिली तिथी, मले सांग तं खरं.”

मी सांगितलं. पेशीची शक्ती, पॉवर हाऊस म्हणा. मावसाजी म्हणाले, “म्हणजे आपल्या स्टेशनावानी.” तो धागा फक्त आईकडून येतो म्हटल्यावर मावशीनं हातातली वाटी खाली ठेवली.

“म्हणजे माह्या अंगातला अन् तुह्या मायच्या अंगातला एकच?”

“हो.”

“अन् तुह्याही अंगातला तोच?”

“तोच. आजीचा.”

मावशी माझ्याकडे अशी पाहायला लागली, जसं काही मी आत्ताच जन्मले. मग हिशेब सुरू झाला. मामात आहे, पण मामाच्या पोरांत नाही. तिच्या राजूत आहे, पण राजूच्या पोरांत येणार नाही. राजू बारावीला, घराबाहेर मराठीचं अक्षर बोलत नाही. तो म्हणाला, “मतलब मेरे पे आके खतम? ये तो गलत है यार.”

मावसाजी भात कालवता कालवता म्हणाले, “अन् आमचं काईच नाई का मंग? आमी नुसती ड्यूटी कराची?”

“तुमचं नाक आलं नं राजूले,” मावशी म्हणाली. “तेवढं पुरे.”

असं मासोळीचं नाव न काढता आम्ही जेवण संपेपर्यंत मासोळीवरच बोललो. गणपतीची काही हरकत दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी तलावाच्या काठी, कडुनिंबाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. खात्याचे साहेब, त्यांचा शिपाई, ठेकेदार आणि त्याची दोन माणसं. बाया जमिनीवर. खुर्च्या कुणी आणल्या? बायांनी. मी उभीच राहिले, निषेध म्हणून. तो कुणाच्या लक्षात आला नाही.

ताईंनी फोटो दाखवून सगळं सांगितलं, सरळ हिंदीत. एवढे मासे तपासले, बाकी देशी, पाच वंशांचे, असे दुसऱ्या तलावांत सापडत नाहीत. दोन विदेशी मादीच्या वंशातले. हे फक्त आईचं सांगतं. बापाचं सांगायला दुसरी तपासणी लागेल. त्या ‘दोन’ म्हणाल्या तेव्हा रमौतिन माझ्या पायाशी बसली होती. तिनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं.

ठेकेदार हसला. झालं ना, म्हणाला, मॅडमच सांगतायत. साहेबांनी पेन काढलं. मी मध्ये पडले. विचारलं, गावोगाव भोंगा लावून विदेशी मांगूर विकणारे टेम्पो कुणाचे आहेत, याचा शोध खात्यानं कधी घेतला का. साहेब म्हणाले, “वह अलग विषय है.” या देशातले सगळे खरे विषय अलग असतात. मी आणखी बोलणार होते, पण ताईंनी माझी ओढणी ओढली.

साहेबांनी बायांना विचारलं, “तालाब में विदेशी किसने डाला?”

रमौतिन उठायला लागली. तिच्या खांद्यावर मागून हात पडला आणि ती परत खाली बसली. हात सुकवारोचा. ती स्वतः उभी राहिली.

“हमन डारे हन, साहेब.” (आम्ही टाकलाय.)

“हमन मतलब कौन? नाम बताओ.”

“हमन माने हमन.”

साहेबांनी सगळ्या बायांकडे पाहिलं. एकही पुढं आली नाही, एकीनंही मान खाली घातली नाही. काल पचरीवर कुजबुजणारी बाईसुद्धा नाकासमोर पाहत होती. मग सुकवारोनं साहेबांना एक साधी गोष्ट विचारली. तुम्ही शेतकऱ्याचं पोर असाल, म्हणाली. धानात करगा उगवतो (करगा म्हणजे रानटी भात, लोंबी येईपर्यंत अगदी खऱ्या धानासारखा दिसतो). “त खेत ला जला देथव का? नइ जलावव. करगा ला निंदथव.” (मग शेत जाळता का? नाही जाळत. करगा निंदून काढता.) आम्हीही निंदू. जाळं टाकू, एकेक मोंगरी हातात घेऊन पाहू. मोठे विदेशी डोक्यावरून कळतात, ते काढू. लहान, शंकेचे असतील ते टाक्यात ठेवू. बाई त्यांच्या रेघा बघतील. खळी टाकलीत तर पाच माहेरं मरतील.

ठेकेदार म्हणाला, एकेक मासा? हो चुका.

साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसले. शेतकऱ्याच्याच घरचे असावेत. शेवटी त्यांनी ताईंना विचारलं, की तपासणी लेखी द्याल का. ताई म्हणाल्या, देईन, जी येईल ती. साहेबांनी लिहिलं: खळी तूर्त नाही, दिवाळीनंतर पाणी उतरलं की पुन्हा नमुने, तेव्हा विदेशी सापडला तर पट्टा रद्द.

जिंकलो नाही. पण आदल्या संध्याकाळी मी जे लपवायला निघाले होते, त्याच गोष्टीवर उभं राहून एका बाईनं तलाव वाचवला होता, निदान दिवाळीपर्यंत. मला पाण्यात उडी मारावीशी वाटली. मारलीही, कारण जाळं लगेचच उतरलं.

छातीभर पाणी, दोन्ही टोकांना बाया, आणि जाळं आवळत आलं की पाणी नुसतं उकळतं. मोंगरी हातात धरायची एक रीत आहे. ती न शिकताच मी धरली. कल्ल्यामागचा काटा तळव्यात रुतला आणि माझ्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही पत्रकात छापता आलं नसतं. सुकवारोनं मला काठावर बसवून हात चुलीच्या उबेला धरायला लावला. “अब तैं हमर होगेस,” म्हणाली. (आता तू आमची झालीस.) दुखणं संध्याकाळपर्यंत टिकलं, मला त्याचा भारी अभिमान वाटत होता.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी. मावशीनं डब्यात साखरभात दिला आणि कानात सांगितलं, “मायले सांग, आपलं एकच हाये म्हणावं. पाच वर्षं झाली, आली नाई.” स्टेशनवर पाहते तर सुकवारो उभी, शेजारी रमौतिन. रमौतिनच्या हातात तोच मोठा हंडा, तोंडाला ओलं फडकं.

आलीच शेवटी पोचवायला, असं वाटलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुकवारोनं हंड्यावरचं फडकं बाजूला केलं. आत टाक्यातल्या मोंगऱ्या होत्या, परांवर आमच्या कापल्याच्या खुणा. तपासलेल्या, खात्रीच्या देशी. वसुधाताईंचे पुढच्या अभ्यासाचे मासे. ताईंनी ते ओळखले आणि स्वतःच फडकं पुन्हा बांधून दिलं.

सुकवारो सुनेला सांगत होती, आणि ते मी जसं ऐकलं तसं लिहिते. बापाला म्हणावं, आधी डबरी उपस. तळ दिसू दे. त्यातलं सगळं काढ, एक ठेवू नको. मग या सोड. पुढच्या तीजाला यांचीच पिल्लं घेऊन ये. रिकाम्या हातानं येशील तर दारात उभी करणार नाही. शेवटचं वाक्य बोलताना ती सुनेच्या पदराची घडी सारखी करत होती.

मला तिनं एक पुडकं दिलं, ठेठरी-खुरमीचं. माझ्याच पत्रकांत बांधलेलं. ‘एकूण एक मासा देशी आहे’ या ओळीवर तेलाचा मोठा डाग पडला होता. त्या कागदाचा त्याहून चांगला उपयोग मला अजून सुचलेला नाही.

गाडीत रमौतिन हंडा मांडीवर घेऊन बसली. मधूनमधून ओंजळीनं फडक्यावर पाणी शिंपडायची. राजनांदगाव गेल्यावर मी विचारलं, तुझं गाव कुठलं. तिनं सांगितलं, पुढचाच थांबा; ददा तिथंच फुटाणे विकतो. मी आणि ताईंनी एकमेकींकडे पाहिलं.

थांबा आला. फलाटावर तेच म्हातारे, टोपली गळ्यात. त्यांनी आधी हंडा पाहिला, मग लेक पाहिली. तीजाहून सासरी जाऊन तीनच दिवस झालेले, आणि लेक परत, तोच हंडा घेऊन, एकटी. त्यांचे हात टोपलीवरून खाली गेले. फुटाणे सांडत होते तरी त्यांना कळलं नाही. त्या चेहऱ्यावर काय होतं ते प्रत्येक मुलीच्या बापाला माहीत आहे आणि कुठल्याही बापावर ती वेळ येऊ नये.

रमौतिन उतरली. हंडा दोन्ही हातांनी पुढे धरला.

“ददा,” ती म्हणाली, “सास पठोय हे.” (सासूनं पाठवलंय.)

म्हाताऱ्यानं फडक्याखाली हात घातला. आतून काहीतरी जोरात उसळलं आणि त्याच्या बाहीवर पाणी उडालं. गाडी सुटली. मी दारात लटकून पाहत राहिले. वळण येईपर्यंत ती दोघं हंड्यावर वाकलेलीच दिसत होती.

नागपूर आलं. रिक्षावाल्याशी भांडले, घरी गेले. आई स्वयंपाकघरात होती. मी मावशीचा निरोप दिला: आपलं एकच आहे म्हणाली. आईनं विचारलं, काय एकच? मी तंतुकणिकांपासून सुरुवात केली. तिनं पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं. मग माझा सुजलेला तळवा पाहिला, चुलीजवळ धरला आणि म्हणाली, दिवाळीला मीही येते भिलाईला. बहिणीला भेटीन आणि त्या बाईचं तळंही बघीन.

ताईंच्या बाटल्या तयार आहेत. मी नवं पत्रक लिहितेय. त्यात ‘एकूण एक’ हे शब्द नाहीत. मथळा अजून ठरत नाही. पण पहिली ओळ ठरली आहे, आणि ती सुकवारोची आहे: ‘जेन तरिया मा मइके के मोंगरी रहिथे, ओ तरिया बिरान नइ लागय.’